ओपन क्वेरी काढली म्हणून रिपोर्ट पळायला लागत नाही

एएस/४०० या आयबीएमच्या व्यावसायिक संगणकावर, म्हणजे आजच्या आयबीएम आय वर, काम करणाऱ्यांत एक सल्ला सर्रास फिरतो : "सीएल प्रोग्राममधली ओपन क्वेरी फाइल कमांड काढा, आरपीजीत एसक्यूएल टाका. रिपोर्ट आपोआप वेगात चालतो, रेकॉर्ड तेच येतात आणि जुन्या लॉजिकल फाइल्स पुसून टाकता येतात." (सीएल ही तिथली कमांडची भाषा, आरपीजी ही प्रोग्रामची. ओपन क्वेरी फाइल ही कमांड हवे ते रेकॉर्ड निवडून क्रमानं प्रोग्रामला देते, तर लॉजिकल फाइल म्हणजे मूळ फाइलमधले रेकॉर्ड ठरावीक क्रमानं किंवा अटीनं दाखवणारी फाइल.) नवा रिपोर्ट एसक्यूएलमध्येच लिहावा, यात वाद नाही. पण महिनाअखेरच्या चालत्या रिपोर्टला या भरवशावर हात लावू नका.

वेगाचं आधी पाहू. आयबीएम आयच्या ७.२ आवृत्तीपासून ओपन क्वेरीसुद्धा सहसा एसक्यूएलच्याच क्वेरी इंजिनकडे जाते, त्यामुळे नुसती कमांड बदलून फार काही हाती लागत नाही. खरा फरक अट कशी लिहिली यानं पडतो. बिलाची तारीख सात अंकी संख्येत आहे असं धरा : १ एप्रिल २०२४ म्हणजे १२४०४०१. अनेक जण व्हेअरमध्ये, म्हणजे एसक्यूएलच्या अटीत, कॉलमवरच फंक्शन लावून त्याची तारीख करतात. मग त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स (शोधासाठीची क्रमवार सूची) शोधाला उपयोगी पडत नाही आणि अख्खी फाइल वाचली जाते. त्याऐवजी यूजरनं दिलेली तारीख एकदाच सात अंकी करून घ्या आणि कॉलमला हात न लावता बिटवीनमध्ये १२४०४०१ आणि १२४०४३० द्या. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी सहा अंकी साठवली असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण ३१०३२४ हा आकडा ०१०४२४ पेक्षा मोठा ठरतो. तिथे ६.१ पासून मिळणारा एक्स्प्रेशनवरचा इंडेक्स बनवावा.

"रेकॉर्ड तेच येतात" हे विधान सगळ्यात घातक, कारण चूक झाली तरी एरर येत नाही. फाइलला महिन्यागणिक मेंबर, म्हणजे एकाच फाइलमधले डेटाचे वेगळे कप्पे, असतील तर ओव्हरराइड (कोणती फाइल किंवा मेंबर कसा उघडायचा ते बदलणारी कमांड) किंवा अलायस (मेंबरला दिलेलं एसक्यूएल नाव) दिल्याशिवाय एसक्यूएल फक्त पहिला मेंबर वाचतं. जून मागितला तरी एप्रिलच छापून येतो. दुसरी जागा क्रमाची. ओपन क्वेरीत की फील्ड दिलेलं असतं आणि आरपीजीची एल-वन बेरीज (ग्राहक बदलला की छापली जाणारी उपबेरीज) त्या क्रमावर उभी असते. एसक्यूएलमध्ये ऑर्डर बाय राहिलं की एकाच ग्राहकाची बेरीज दोन-तीन ठिकाणी तुटून छापली जाऊ शकते. टेस्टच्या छोट्या फाइलवर हे बहुधा दिसतही नाही.

ओपन क्वेरी भलतेच रेकॉर्ड आणते, ही तक्रारही खूपदा ऐकू येते. त्याचं कारण बहुतेक वेळा ओव्हरराइडमध्ये शेअर येस (आधीच उघडलेली फाइल वाटून वापरण्याची सूचना) नसणं किंवा प्रोग्राम वेगळ्या ॲक्टिव्हेशन ग्रुपमध्ये, म्हणजे जॉबमधल्या वेगळ्या कप्प्यात, चालणं. मग प्रोग्राम फाइल स्वतः नव्यानं उघडतो आणि सगळेच रेकॉर्ड वाचतो. शेअर येस द्या, ओव्हरराइड आणि ओपन दोन्हींचा स्कोप जॉब ठेवा.

लॉजिकल फाइल पुसण्याआधी प्रोग्राम रेफरन्सची यादी काढा. दुसरा एखादा प्रोग्राम तिच्यावर चेन करत, म्हणजे कीवरून रेकॉर्ड शोधत, असू शकतो. शिवाय सिलेक्ट-ओमिट (रेकॉर्ड गाळण्याची अट) नसलेल्या लॉजिकल फाइलचा ॲक्सेस पाथ, म्हणजे कीनुसार रेकॉर्डपर्यंत पोचायची वाट, एसक्यूएलचा ऑप्टिमायझरही (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) वापरतो. तीच पुसली तर नवा रिपोर्टच रांगू लागेल.

बदलाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा जॉब डीबगमध्ये चालवा आणि जॉब लॉगमध्ये ॲक्सेस पाथ वापरल्याचा मेसेज आहे की अरायव्हल सिक्वेन्सचा (की न वापरता अख्खी फाइल वाचल्याचा) ते बघा. सोबत रेकॉर्डची संख्या आणि ग्राहकवार बेरजा जुन्या स्पूल फाइलशी (छपाईसाठी साठवलेल्या रिपोर्टशी) ताडून घ्या.