पंपाचं बिल उन्हातनं भागवा की!

पाण्याचा दिवस असला की आमच्या गल्लीत टाक्या-पिंपांची धावपळ सुरू होते. माझी धावपळ वेगळीच. एक बादली आणि एक जुना टॉवेल (सोलापूरच्या चाटी गल्लीतला, दुसरा कुठला असणार) घेऊन मी गच्चीवर जातो आणि सोलरचे पॅनल पुसतो. तीन किलोवॅटचे आहेत, सूर्यघर योजनेत ७८ हजारांची सबसिडी मिळाली. पण आपल्याकडची धूळ! चार दिवसांत एवढी बसते की बोटानं नाव लिहून घ्यावं. परवा शेजारचे काका खालून ओरडले, "अरे, प्यायला तरी ठेव की बे!"

काकांचं खरं आहे. ती बादली काही फुकट येत नाही. उजनी धरणापासून सोलापूर शंभर किलोमीटरच्या वर. तेवढ्या लांबून पाणी ढकलायला पंप रात्रंदिवस चालतात. पुढं शुद्धीकरण केंद्रात पंप, तिथनं टाकीवर चढवायला पंप. म्हणजे सोलापूरचं पाणी हीच मुळात विजेची गोष्ट आहे. आणि पालिका अक्षय ऊर्जेचा शब्द देते तेव्हा मला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की यात पंप धरलाय का?

शब्द काय कमी दिलेत? जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपलं नाव आलं, तेव्हा गावात केवढं कौतुक. त्या योजनेच्या नियमांतच लिहिलं होतं, शहराच्या गरजेच्या किमान १० टक्के वीज सौर असावी. मग २०२१ ला केंद्राच्या 'अमृत' योजनेतली राज्यातली ४३ शहरं 'रेस टू झिरो' या जागतिक मोहिमेत गेली. म्हणजे उशिरात उशिरा २०५० पर्यंत कार्बनचा हिशेब शून्यावर आणायचा. त्यात आपणही. आता मला सांगा, आपल्या प्रभागात हे किती जणांना माहीत आहे?

कार्यालयाच्या छतावर पॅनल बसवायला माझी हरकत नाही. बसवा, फीत कापा, फोटो काढा. पण पंखे, कॉम्प्युटर आणि साहेबांचा एसी यांचं बिल म्हणजे पंपाच्या बिलापुढं चहापाण्याचा खर्च.

इंदूरचं बघा. त्यांचंही दुखणं आपलंच. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर आणायचं, तेही घाट चढवून. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेनं लोकांसाठी हरित कर्जरोखे (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढले, नेमके या पंपांसाठी ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करायला. मागितले २४४ कोटी, अर्ज आले ७०० कोटींच्या वर. आपल्या रोख्यांवर लोक असे तुटून पडतील का, मला शंका आहे. पण दुसरा रस्ता आहे. कंपनीनं स्वतःच्या पैशानं पॅनल उभे करायचे, पालिकेनं २५ वर्षं युनिटमागं ठरलेला दर द्यायचा. जागेचं म्हणाल तर मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, आणि माळरानाचा आपल्याकडं कधी दुष्काळ नव्हता.

इथं एक गैरसमज काढून टाकतो, कारण मीही त्यात होतो. सोलर बसवलं की लाईट गेली तरी घर चालू, असं मला वाटायचं. पहिल्याच उन्हाळ्यात भर दुपारी लाईट गेली, वर पॅनल तापून लाल आणि खाली मी पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेलो. लाईनीवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनीला, जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो. त्यामुळं "पंपगृहाची वीज गेली, पाणी एक दिवस उशिरा" हा मेसेज सोलरनं थांबणार नाही. तिथं दुरुस्त लाईनच लागते. सोलरनं कमी होतं ते बिल. दिवसा बनलेली वीज ग्रीडला द्यायची आणि पंपाच्या बिलातून वळती करून घ्यायची.

आणि हो, ४३-४४ डिग्रीचं भांडवल करू नका. पॅनलला उजेड हवा, उष्णता नको. तापलेला पॅनल कमी वीज देतो. मे महिन्यात पुसूनपासूनही माझा मीटर हवा तेवढा पळत नाही. तरी वर्षभराचा हिशेब धरला तर किलोवॅटला दिवसाला चारेक युनिट मिळतातच.

आपल्याजवळच फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प आहे. कोळसा बाहेरून रेल्वेनं येतो. ऊन मात्र इथलंच आहे, आणि आपण ते छत्रीनं अडवतोय.

माझी मागणी एवढीच. पाणीपट्टीच्या बिलामागं जागा कोरी असते. तिथं दरवर्षी दोन आकडे छापा, पंपांनी किती युनिट खाल्ले आणि त्यातले उन्हाचे किती. दुसरा आकडा शून्य असला तरी छापा. काकांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडं.