काटेरी बूट, माड आणि एक फिरता निरोप

बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक निरोप फिरतोय, सोबत सरसर माडावर चढणाऱ्या माणसाचा व्हिडिओ. मजकूर साधारण असा: "नारळ पाडायला माणूस मिळत नाही? काटेरी बूट घ्या. झाडाला काही होत नाही, टोचलेलं आपोआप भरून येतं. काटा जितका लांब आणि टोकदार तितकी पकड पक्की. साइज एकच, पट्टे आवळले की झालं. दोराची कटकट नाही. कुणीही चढू शकतं."

काटेरी बूट म्हणजे नेहमीच्या बुटांवर पट्ट्यांनी बांधायचा, पायाच्या आतल्या बाजूला पोलादी काटा असलेला दांडा. यातली अडचण खरी आहे, पाडेली (नारळ पाडणारे) मिळत नाहीत. उपाय मात्र चुकीचा आहे, आणि पहिलंच वाक्य बागेला सगळ्यात महाग पडणारं आहे.

"टोचलेलं आपोआप भरून येतं"

आंबा, फणस, वड यांच्या सालीखाली वाढीचा पातळ जिवंत थर असतो. जखम झाली तर कडेने नवी वाढ होऊन ती हळूहळू झाकली जाते. माड एकदलवर्गातला. त्याच्या खोडात हा थरच नाही. खोड एकदा तयार झालं की त्यावर नवं लाकूड चढत नाही, पडलेलं भोक झाड जगेल तोवर तसंच राहतं. खात्री करायची तर ज्या माडांना पूर्वी चढण्यासाठी खाचा पाडल्या आहेत ते जवळून पाहा. खाचेची कड आत वळलेली दिसणार नाही. कोयत्याचा घाव जसा पडला तसाच, फक्त काळवंडलेला.

आता हिशेब करा. 12 मीटर उंचीचा माड आणि 25 सेंटिमीटरचं एक पाऊल धरलं तर चढताना 48 भोकं आणि उतरताना 48. वर्षाला सहा वेळा पाडणी केली तर एका माडाला 576. दहा वर्षांत पावणेसहा हजार, तीही सगळी त्याच पट्ट्यात, कारण चढणारा दरवेळी सोयीच्या बाजूनेच चढतो.

या भोकांतून दोन गोष्टी आत जातात. एक थिलॅव्हिओप्सिस ही बुरशी: खोडातून तांबूस-तपकिरी द्रव ओघळतो, वाळून काळा पडतो आणि आतला भाग कुजत जातो. दुसरा सोंड्या भुंगा. ताज्या जखमेच्या वासाने तो येतो, मादी जखमेत अंडी घालते, अळ्या आतून खोड पोखरतात. शेंडा कलला की आपल्याला कळतं, तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. एखादी जखम तासून तिला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावता येते. 576 भोकांना कोण लावणार?

पोफळीचं, म्हणजे सुपारीच्या झाडाचं, तर नावच काढू नका. एवढ्याशा खोडात काटा किती खोल जाईल ते डोळ्यांनीच दिसतं.

मग हे बूट आहेत कशासाठी? जे झाड तोडायचंच आहे त्यावर चढून ते वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवण्यासाठी, आणि वर अडकलेल्या जखमी माणसाला तातडीने खाली आणण्यासाठी. अमेरिकेतल्या वृक्षनिगेच्या ए300 मानकातही जिवंत झाडाच्या छाटणीसाठी ते वापरू नयेत असंच आहे, मोजके अपवाद सोडून. आपल्याकडे जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात माड मोडले, तसे शेंडा गेलेले माड उतरवताना त्यांचा उपयोग आहे. तोही खोड ताजं आणि घट्ट असेपर्यंतच. माडाचं खोड बाहेरून कडक आणि आत मऊ असतं. मेलेला माड आतून कुजला की काटा बाहेरच्या कवचाचा तुकडाच घेऊन निघतो. कोयत्याच्या मुठीने खोड ठोकून पाहा. भद्द आवाज आला तर चढणं सोडा, क्रेन मागवा. शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती आधी.

"काटा लांब आणि टोकदार हवा"

काटे दोन प्रकारचे मिळतात. लांब काटा साधारण 70 मिलिमीटरचा, जाड सालीच्या झाडांसाठी; साल ओलांडून लाकडापर्यंत पोहोचायला ती लांबी लागते. आखूड काटा साधारण 40 मिलिमीटरचा, खांबांसाठी आणि पातळ सालीच्या झाडांसाठी. माडाला साल जवळजवळ नाहीच. तिथे लांब काटा पूर्ण रुतत नाही, पाऊल खोडापासून दूर राहतं आणि घोटा पिरगळतो. तोडायच्या माडावरही आखूडच लावा.

सुईसारखं टोकही नको. फार बारीक टोक खोल रुतून अडकतं, नाहीतर वाकतं. शेवटच्या तीन मिलिमीटरला किंचित गोलाई हवी. बोथट झालेला काटा हाताच्या कानशीने, मुळाकडून टोकाकडे, आतल्या अंगानेच घासायचा. ग्राइंडरला लावाल तर पोलाद तापून त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो. धार तपासायला काटा खाली ठेवून दांडा मऊ लाकडाच्या फळीला समांतर धरा आणि न दाबता पुढे ढकला. इंचभरात काटा लाकडात शिरायला हवा. नुसताच घसरला तर तो चढण्यालायक नाही. काटे बोथट होतात ते झाडावर कमी आणि जमिनीवर जास्त. जांभ्या दगडावरून चार पावलं चाललात की टोक गेलंच, म्हणून खाली उतरताच काट्यांना टोप्या घाला.

"साइज एकच, पट्टे आवळले की झालं"

निरोप लिहिणाऱ्याने हे बूट दिवसभर घातलेले नाहीत, एवढं या वाक्यावरून कळतं. पोटरीच्या आतल्या बाजूचा दांडा, तळव्याखालची रिकीब (पाऊल टेकायची पट्टी), वरची गादी आणि दोन पट्टे: यातली दांड्याची उंची सगळ्यात महत्त्वाची. ज्या बुटांनी चढणार तेच घालून मोजा. टाचेच्या पुढे जिथे रिकीब बसते तिथपासून गुडघ्याखाली आतल्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत. दांड्याचं वरचं टोक त्या उंचवट्याच्या अर्धा ते एक इंच खाली यायला हवं. दांडा उंच झाला तर गुडघा वाकवताना हाडावर आदळतो. बुटका झाला तर पायाला तरफ मिळत नाही, काटा बाहेरच्या बाजूला फिरतो आणि नडगी सुजते.

बहुतेक दांड्यांना उंची बदलण्यासाठी सरकती नळी आणि स्क्रू असतात. दोन्ही पायांना भोकं सारखी मोजून घ्या, स्क्रूच्या आट्यांना लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा, आणि तरी रोज सकाळी पान्याने तपासा. खालचा पट्टा घट्ट, म्हणजे रिकीब टाचेला टेकून राहते. वरचा पट्टा एक बोट जाईल इतका सैल. पोटरी काम करताना फुगते, आवळून बांधलात तर मुंग्या येतात. बकल पायाच्या बाहेरच्या बाजूला.

पायातले बूट कडक तळाचे आणि इंच-दीड इंच टाचेचेच हवेत. स्पोर्ट्स शूजमध्ये रिकीब तळव्यात रुतते आणि मागे घसरते. बसवून झालं की ओंडक्यावर फूटभर उंचीवर उभं राहून पूर्ण वजन टाकून पाहा. गुडघे खोडापासून लांब ठेवायचे. खोडाला चिकटवले की कोन बदलतो आणि काटा सोलत बाहेर येतो. घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो, खोडाला मिठी मारतो.

"दोराची कटकट नाही"

काटे सुटले तर खाली फक्त जमीन आहे. माडाला फांदी नाही, म्हणून अडकून राहायलाही काही नाही. कमरेभोवतीचा साधा दोर खोडाला नुसता वळसा घालून असेल तर गुळगुळीत खोडावरून तोही तुमच्याबरोबर घसरत येतो. वजन पडताच खोडाला आवळून बसणारा फास असलेला दोर हवा. कोयता किंवा करवत चालवताना त्याच्या जोडीला दुसरी स्वतंत्र बांधणी लागतेच, आणि त्यातला एक दोर पोलादी गाभ्याचा, कारण निसटलेला कोयता पहिला दोरावरच बसतो. चुडताच्या (झावळीच्या) देठाला दोर कधीही बांधू नका, पिकलं चुडत वजनाने सुटून येतं. शेंड्यात गांधीलमाश्या निघाल्या तर दोन्ही हात खोडावरून सुटतात. त्या क्षणी दोराशिवाय दुसरा आधार नसतो.

"कुणीही चढू शकतं"

नारळ विकास मंडळाने 2011 मध्ये केरळात माड चढणाऱ्यांना तयार करण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा प्रशिक्षण सहा दिवसांचं ठेवलं आणि जोडीला विमाही दिला. शिकवलं ते पायट्यांच्या यंत्रावर. पोलादी दोराचा वेढा खोडाभोवती, रबर लावलेला टेकू आणि एकेक करून वर सरकवायच्या दोन पायट्या. खोडाला एकही भोक पडत नाही. केरळातल्या चेंबेरी गावच्या पद्धतीचं, उभ्याने चढायचं यंत्र आणि दुसरं बसून चढायचं, असे दोन्ही प्रकार मिळतात. सुरक्षापट्टा त्यालाही लागतो. खोड वर निमुळतं होत जातं, म्हणून वेढ्याची लांबी चढण्याआधी जमवावी लागते, आणि पावसात शेवाळलेल्या खोडावर रबर घसरतं. पोलादी दोराची एक जरी तार तुटून बाहेर आली असेल, तर तो दोर बदलल्याशिवाय पाय ठेवू नका.