मन लावून सेवा केली, तरी नैराश्य येतं

गेल्या आठवड्यात आमच्या रामबागेतल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच मजकूर तिघांनी पाठवला, गुलाबाच्या फुलांसकट. म्हणे, विसराळू झालेल्या वडीलधाऱ्यांची मनापासून सेवा करणाऱ्याला नैराश्य येतच नाही. येतं त्याचं मन सेवेत नसतं. त्यांना खरं काय ते सारखं सांगत राहा, आठवण परत येते. घरात बाई ठेवणं म्हणजे जबाबदारी झटकणं. आणि डिप्रेशनच्या गोळ्यांची सवय लागते.

माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होऊन पाच वर्षं झाली. मला काही हे पुढे पाठवता आलं नाही.

मन सेवेत नसतं म्हणून नैराश्य येतं म्हणता? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी डिमेन्शियाचे रुग्ण सांभाळणाऱ्या २६० घरच्या माणसांवर एक अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काहींना आठ बैठका दिल्या: रुग्ण असं का वागतो, त्याच्याशी कसं बोलायचं, मदत कुठे मागायची, स्वतःसाठी दिवसात थोडा वेळ कसा काढायचा. त्यांचं नैराश्य इतरांपेक्षा कमी राहिलं, आणि सहा वर्षांनीही तो फरक दिसत होता. आता सांगा, त्या आठ बैठकांत माया करायला कुणी शिकवलं का? माया होतीच. नव्हती ती माहिती, आणि झोप.

परदेशातलं सोडा. गोव्यात ८१ कुटुंबांच्या अभ्यासात थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं घरी येऊन सल्ला देत होती. तिथेही सांभाळणाऱ्यांच्या मनाची स्थिती सुधारली.

‘खरं सांगत राहा’ हा सल्ला मात्र मी स्वतः पाळून बसलेय. दिवेलागणीला सासूबाई पिशवी भरतात. ‘धारला जायचंय गं, आई वाट बघत असेल.’ पहिलं वर्षभर मी समजावत होते, ‘आई, तुमच्या आईंना जाऊन चाळीस वर्षं झाली.’ त्या दर वेळी नव्यानं रडायच्या, कारण त्यांना ती बातमी दर वेळी नवीनच असायची. मग रात्रभर मी स्वतःला कोसायची. डिमेन्शियात मेंदूच्या पेशीच मरत जातात. घोकून घेतलं म्हणून आठवण परत येत नाही. आता मी विचारते, ‘धारच्या वाड्यात आंबा होता ना?’ त्या आंब्यावर बोलतात, चहा घेतात, पिशवी तिथेच राहते. तेवढ्यानं माझीही संध्याकाळ सुधारली.

बाईचं म्हणाल, तर दर गुरुवारी चार ते सात येते. तेवढ्या वेळात मी झोपते. राजवाड्याच्या बाजारात खरेदीला वगैरे नाही, झोपते. ज्यांना हे झटकणं वाटतं, त्यांनी महिन्यातला एक रविवार गुलाबाऐवजी स्वतः यावं.

गोळ्यांचं थोडक्यात. सवय लागते ती काही झोपेच्या गोळ्यांची; लोक दोन्ही एकच समजतात. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, फक्त मनानं एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. दोन आठवडे उदासी हटत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर दाखवावं. डॉक्टरकडे जायला कुणी नसेल तेव्हा १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या तक्रारींसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर आहे. फुकट, रात्रीसुद्धा चालतो, आणि मराठीतही बोलता येतं.