झोपलेला लॅपटॉप आणि ‘नोमोडसेट’चा रामबाण

लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये एक मेसेज बराच फिरतोय. थोडक्यात असा: ‘झाकण उघडल्यावर स्क्रीन काळीच राहते? ग्राफिक्स ड्रायव्हर खराब आहे. ग्रबमध्ये नोमोडसेट टाका. नाही जमलं तर सगळ्यात नवा ड्रायव्हर घाला आणि झोप डीपवर न्या. तरीही नाही, तर सस्पेंड बंदच करून टाका, लिनक्सला ते जमत नाही.’ (ग्रब म्हणजे बूट होताना लिनक्स सुरू करून देणारा मेन्यू, नोमोडसेट ही त्यात लिहायची एक सूचना, सस्पेंड म्हणजे लॅपटॉपची झोप आणि डीप हा तिचा एक खोल प्रकार.)

पहिल्या वाक्यापासूनच घाई आहे. काळी स्क्रीन हा एकच बिघाड नव्हे. आधी कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो? मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जागा आहे. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबल्यावर अक्षरांची कन्सोल आली, तर ड्रायव्हरही शुद्धीवर आहे, अडकलाय तो डेस्कटॉप. माझ्या लॅपटॉपवर दिवा लागत होता, पण कन्सोलही काळी. शेवटी मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला, तर लॉक स्क्रीनचं घड्याळ अंधुक दिसलं! चित्र जागेवर होतं, बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) तेवढा शून्यावर गेला होता. ब्राइटनेसची कळ चारदा दाबली, संपलं. तोवर मी ड्रायव्हर दोनदा काढून घातला होता.

आता नोमोडसेट. हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, उलटा आहे. एस३ झोपेत (मेसेजमधली ‘डीप’ ती हीच) रॅम सोडून जवळपास सगळ्यांची वीज तुटते. ग्राफिक्स चिपही विझते आणि जाग येताना तिची जुळवणी पहिल्यापासून करावी लागते. ते काम कर्नलमधला इंटेलचा आय९१५ किंवा एएमडीचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर करतो. नोमोडसेट टाकलं की हे ड्रायव्हर चिपला हातच लावत नाहीत. बूट होताना फर्मवेअरने (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामने) जो फ्रेमबफर, म्हणजे चित्र ठेवायची मेमरी, लावून दिला, त्याच्यावरच स्क्रीन चालते, आणि झोपेत तो गेला की परत लावणारं सहसा कोणी उरत नाही. थोडक्यात, उठवणाऱ्यालाच घराबाहेर काढायचं आणि मग जाग का येत नाही म्हणून विचारायचं. शिवाय सगळं रेखाटन सीपीयूच्या माथी येतं ते वेगळंच. इन्स्टॉल करताना स्क्रीनच येत नसेल, तर एका बूटपुरतं हे वापरावं.

‘सगळ्यात नवा ड्रायव्हर’ ही इंटेल-एएमडीच्या बाबतीत वेगळी डाउनलोड करायची चीजच नाही, तो कर्नलसोबत येतो. आणि बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर आधी ग्रबच्या मेन्यूतून जुना कर्नल निवडून बघा. एनव्हिडियाचं प्रकरण निराळं. तिथे झोपेतून उठल्यावर खिडक्यांच्या जागी रंगीत चिंध्या दिसतात, कारण तिचा स्वतःचा ड्रायव्हर व्हिडिओ मेमरीतलं सगळंच जपून ठेवेल असं नसतं. त्यासाठी ‘प्रिझर्व्ह व्हिडिओ मेमरी अ‍ॅलोकेशन्स’ हा पर्याय १ करावा लागतो, सस्पेंड आणि रिझ्यूमच्या एनव्हिडिया सर्व्हिस चालू असाव्या लागतात आणि तात्पुरती फाइल ठेवायला व्हिडिओ मेमरीपेक्षा थोडी जास्त जागा लागते. टेम्प फोल्डर रॅममध्येच असेल तर ती जागा डिस्कवर द्या.

डीपचं लवकर उरकतं. सिस फोल्डरमधल्या पॉवरखाली मेम-स्लीप नावाची फाइल आहे, ती वाचा. तिच्यात डीप हा शब्दच नसेल, तर फर्मवेअर एस३ देत नाही, बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर देतच नाही. तिथे एस२आयडल नावाची हलकी झोप तेवढीच, आणि डीपचा पर्याय कितीदाही लिहिला तरी उपयोग नाही.

राहिलं ‘लिनक्सला जमत नाही’. कोणाला जमत नाही ते तरी बघा! बंद करून पुन्हा चालू करावं लागलं असेल, तर जर्नलसीटीएल या कमांडकडे मागच्या बूटचा कर्नल लॉग (नोंदी) मागा. ओळखीच्या एकाकडे त्या लॉगमध्ये झोपायला नकार देणारा निघाला वायफायचा ड्रायव्हर, आणि शिव्या महिनाभर ग्राफिक्सने खाल्ल्या. लॉगमध्ये काहीच नसेल, तर मेम-स्लीपच्या शेजारच्या पीएम-टेस्टमध्ये रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून ‘डिव्हायसेस’ लिहा आणि सस्पेंड करा (कर्नलमध्ये ही सोय चालू असेल तरच ती फाइल दिसते). ड्रायव्हर झोपतात, ५ सेकंदांनी उठतात, फर्मवेअर मध्ये येत नाही. हे नीट झालं आणि खरी झोप मात्र फसली, तर संशय पुढच्या टप्प्यांवर, बहुधा फर्मवेअरवर.

नंतर त्याच फाइलमध्ये ‘नन’ लिहायचं असतं. मी विसरलो, आणि लॅपटॉप ५ सेकंदांत आपोआप का उठतो हा नवाच बिघाड दुपारभर शोधत बसलो.