माळ्याच्या मुलाने राजकन्येला मागणी कशी घालावी

मुलगी बड्या घरची आणि तुम्ही सामान्य, म्हणून हातपाय गाळू नका. इजिप्तमध्ये यावर तोडगा निघालेला आहे. १९५७चा 'रुद्द कल्बी' हा इजिप्शियन सिनेमा समोर ठेवा आणि त्यातल्या अलीच्या पावलावर पाऊल टाका.

सुरुवात जन्मापासून करावी लागेल. वडील राजवाड्यात माळी हवेत. मालकाची मुलगी इंजी तुमच्याच बरोबरीने वाढली पाहिजे. फुलं तुमच्या वडिलांनी लावायची, माळायची तिने. एवढ्यावर प्रेम जमतं.

मागणी घालायला मात्र वडिलांना पाठवू नका. हुसेन रियादचा भाबडा माळी मालकापुढे मुलासाठी राजकन्येचा हात मागतो आणि त्या धक्क्याने त्याची वाचाच जाते. बरं, ही वाचा डॉक्टरच्या औषधाने परत येत नाही, त्यासाठी राज्यक्रांती लागते. घरात म्हातारं माणूस असेल तर हा खर्च आधी धरा.

आता नोकरी. इंजिनीअर अजिबात होऊ नका. १९५४च्या 'सिरा फिल वादी' या सिनेमात नायक ओमर शरीफने ती चूक केली. शिकून गावी आला, शेतकऱ्यांचा ऊस पाशाच्या, म्हणजे बड्या जमीनदाराच्या, उसापेक्षा सरस करून दाखवला. पाशाने काय केलं? बांध फोडून शेतं बुडवली. पुढे खुनाच्या खोट्या आरोपात नायकाचा बाप फासावर गेला. नायिका त्याच पाशाची मुलगी, भूमिका फातेन हमामाची. चांगला ऊस पिकवणाऱ्याला जावई करून घेण्याची पाशांकडे पद्धत नाही.

म्हणून सैन्यात जा. १९३६च्या ब्रिटिश करारानंतर लष्करी अकादमीचं दार साध्या घरच्या मुलांना थोडं किलकिलं झालं होतं. थोडंच, कारण टपाल कारकुनाचा मुलगा नासर, पुढे इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष झालेला, पहिल्या खेपेला नापसंत झाला होता. वशिला शोधा. गणवेश मिळाला की वाट बघा. मधल्या काळासाठी हिंद रुस्तुमची नर्तकी करीमा आहे. तिच्यात मन गुंतवू नका, शेवटच्या चौकटीत तिला जागा नाही.

मग २३ जुलै १९५२ उजाडते, लष्करी अधिकारी बंड करून राजाची सत्ता उलथवतात. अर्ज-विनंत्या बंद. आता सरकारी जप्तीचं पथक घेऊन वाड्यावर जायचं. इंजीचा भाऊ प्रिन्स अला पिस्तूल काढेल, गोळीबारात तोच जाईल आणि लग्नाला हरकत घेणारं कोणी उरणार नाही.

इतकं सगळं अधिकाऱ्याच्याच पथ्यावर कसं पडतं, असं विचारू नका. मूळ कादंबरीकार युसुफ सिबाई लष्करी अधिकारी, दिग्दर्शक इझ्झुद्दीन झुल्फिकारही लष्करातलाच. मौज म्हणजे माजोरडा प्रिन्स रंगवणारा अहमद मझहर खरा घोडदळातला, नासरच्या बरोबरीने १९३८ साली अकादमीतून बाहेर पडलेला. पडद्यावर तेवढा एकच अधिकारी हरतो, तेही गणवेश उतरवून. तेव्हा बंड यशस्वी झालं की पाचेक वर्षांत आपला सिनेमा आपणच काढा. दर २३ जुलैला टीव्हीवर लागेल.

सासुरवाडीच्या जमिनीवर मात्र डोळा ठेवू नका. सप्टेंबर १९५२च्या कायद्याने मालकीवर २०० फेद्दानची मर्यादा आली, म्हणजे साधारण तितकेच एकर. पत्रिकेत 'राजकन्या' छापायची हौस असेल तर १८ जून १९५३च्या आधीचा मुहूर्त काढा, कारण त्या दिवशी राजेशाहीबरोबर घराण्याच्या पदव्याही गेल्या. पण राजघराण्याच्या मालमत्तेवर जप्ती आली नोव्हेंबरमध्ये, आणि त्याआधी मुलगी मिळत नाही.