काळं आणि जड म्हणजे जीवाश्मच, असं नाही

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखी ती नाही म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की किनाऱ्यावर मिळालेल्या त्या बरगडीच्या तुकड्याला मी नुसतं "समुद्रगाईंच्या गटातली बरगडी" म्हणून सोडून दिलं, प्रजाती नाही, काळ नाही, मग वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? आणि दुसरं, हाड काळं आहे, हाताला जड लागतंय म्हणजे जीवाश्म, इतका सोपा नियम असताना मी उगाच घोळ घालून नवीन लोकांना घाबरवतो.

आधी जडपणाचं बोलू, कारण नेमका याच प्राण्यांच्या बाबतीत तो नियम सगळ्यात जास्त फसवतो. ड्युगाँग, मॅनटी (यांनाच समुद्रगाई म्हणतात) आणि त्यांचे सगळे जुने नातेवाईक उथळ पाण्यात तळाचं गवत खाणारे, शरीर सारखं वर तरंगू नये म्हणून त्यांच्या बरगड्या जाड आणि आतून भरीव असतात, मज्जेची पोकळी जवळपास नसतेच. त्यामुळे हल्लीच मेलेल्या मॅनटीची बरगडीसुद्धा हातात दगडासारखी लागते. उलट व्हेलचं हाड आतून स्पंजासारखं, ताजं असताना तेलाने भरलेलं, त्याच्या बाबतीत वजनाचा थोडाफार उपयोग होतो. समुद्रगाईच्या बरगडीवर तो लावूच नका.

रंगाचं तर त्याहून वाईट आहे. रंग येतो तो आजूबाजूच्या गाळातून, लोह, मॅंगनीज वगैरे, तो हाडाचं वय सांगत नाही. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात गाडलेलं बऱ्यापैकी नवं हाडही काळं पडतं आणि लाखो वर्षं जुनं हाड फिकट, पिवळसर असू शकतं. जिभेला चिकटतं का बघा म्हणणारेही असतात, पण कोरडं सच्छिद्र ताजं हाडही चिकटतंच की. त्यातल्या त्यात तापवलेल्या सुईची परीक्षा बरी, केस जळल्यासारखा वास आला तर आत कोलॅजन, म्हणजे हाडातलं प्रथिन, शिल्लक आहे म्हणजे हाड बहुधा ताजं. पण डाग कायमचा राहतो, चांगल्या नमुन्यावर करू नका. आणि हाड ताजं निघालं तर ते घरी ठेवण्याआधी तिथला कायदा बघा, समुद्री सस्तन प्राण्यांच्या अवशेषांवर बऱ्याच देशांत बंधनं आहेत.

आता प्रजाती. फ्लोरिडाचा किनारा घ्या, तिथे अशा बरगड्या भरपूर मिळतात. त्यातली एखादी मायोसीन काळातल्या (साधारण २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) मेटॅक्सिथेरियमची असू शकते, म्हणजे ड्युगाँगच्या कुळातली, आणि शेजारी पडलेली दुसरी हिमयुगातल्या मॅनटीची, कारण लाटा वेगवेगळ्या थरांतला माल उकरून एकाच वाळूत आणून टाकतात. दोघांच्याही बरगड्या जाड, भरीव. मधलाच वीतभर तुकडा हातात आहे, टोकं नाहीत, कुठल्या थरातून निघाला माहीत नाही, अशा वेळी मी प्रजातीचं नाव लिहिलं तर ते ज्ञान नाही, अंदाज आहे, आणि पुढचा माणूस तो अंदाज पुरावा म्हणून वापरणार. हाड जेवढं सांगतं तिथपर्यंतच नाव न्यायचं, हा माझा आग्रह आहे आणि त्यात मला आळस दिसत नाही.

अपुऱ्या हाडांवरून नाव दिल्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण बॅसिलोसॉरस. १८३४ मध्ये अमेरिकन निसर्ग अभ्यासक रिचर्ड हार्लनने अमेरिकेतले भलेमोठे मणके वगैरे बघून त्याला सरपटणारा प्राणी समजून "सरड्यांचा राजा" अशा अर्थाचं नाव दिलं. पुढे १८३९ मध्ये इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेनने दात तपासले, दाढांना दोन मुळं होती, सरपटणाऱ्यांत अशी नसतात, म्हणजे हा सस्तन, पुरातन व्हेल! पण आधी दिलेलं नाव नियमाप्रमाणे टिकलं, आजही तेच आहे. हार्लन काही अडाणी नव्हता हो, हातात जे होतं ते कमी पडलं एवढंच.

प्रतिक्रियेत तुम्ही तुमच्याकडच्या एका मणक्याबद्दलही विचारलंय, त्याबद्दल पटकन सांगतो, त्याच्या गोल तोंडावर चकतीसारखा भाग नसेल आणि खडबडीत रेघा दिसत असतील तर तो वाढ पूर्ण न झालेल्या प्राण्याचा असणार, ती चकती सुटून गेलेली असते (आणि वेगळी सापडली की लोकांना ती काय आहे ते कळतच नाही). फोटो नेहमी सहाही बाजूंनी काढा, शेजारी पट्टी ठेवून, आणि तुटलेलं टोक जवळून. लाकडाचा जीवाश्म आणि बरगडी यातला फरक त्या टोकावरच कळतो. व्हार्निश लावू नका, आधी गोड्या पाण्यात ठेवून मीठ काढा.

पण तुमच्या प्रतिक्रियेत शेवटी एक वाक्य आहे, "शिंपल्यासारखा एक वळलेला जड दगडही मिळाला, तो कुंडीत टाकला", ते वाचून मी खुर्चीतून उठलोच. एका बाजूची कड फुगीर, जाड आणि दुसरी पातळ, आतली बाजू पोकळ, असं असेल तर ते व्हेलच्या कानाचं हाड असू शकतं. दात असलेल्या व्हेल आणि डॉल्फिनमध्ये ते कवटीला घट्ट जोडलेलं नसतं, मेल्यावर सुटून पडतं, शरीरातलं सगळ्यात घट्ट हाड असल्याने टिकतं, आणि बरगडी जे सांगू शकत नाही ते हे बरंच सांगतं. पाकिस्तानात सापडलेल्या पाकिसीटस या पुरातन प्राण्याला १९८१ मध्ये व्हेल ठरवलं त्यात कानाच्या हाडाचा मोठा वाटा होता. तेव्हा ते आधी कुंडीतून काढा, ब्रश लावू नका, नुसतं धुवा आणि फुगीर कडेचा फोटो पाठवा, प्रजाती विचारायचीच असेल तर याची विचारा.