मघाशी काय उभी होती!

"फोटो बघून मी येणारच नव्हतो," गाय घ्यायला आलेले गृहस्थ म्हणाले. "बरं झालं आलो. गाय फोटोपेक्षा कितीतरी चांगली आहे."

सगळे हसले. मावसभाऊ हसला, गडी हसला, गोठ्याच्या दाराशी पालथ्या बादलीवर बसलेले काका तर एवढे हसले की बादली कलली. मीही हसलो. फोटो मी काढलाय हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हतं आणि ते सांगायची काही गरजही नव्हती. काकांना ती वाटली. "हेच ते फोटोग्राफर," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कालची गोष्ट आहे. रात्री झोप लागेपर्यंत डोक्यात तेच.

मावसभावाला प्रदर्शनात उतरवलेली होल्स्टीन जातीची गाय विकायची होती, जाहिरातीला फोटो हवा होता आणि माझ्याकडे कॅमेरा आहे. नात्यागोत्यात कॅमेरा बाळगणं हा गुन्हाच असतो, फक्त शिक्षा कधी सुनावतील तेवढं कळत नाही.

गाय उभी करायची, बटण दाबायचं आणि घरी यायचं, अशी माझी समजूत होती. पण विकायच्या गाईने नुसतं उभं राहून भागत नाही. ती कॅमेऱ्यासमोर बरोबर आडवी हवी. पुढचे पाय जरा उंचवट्यावर हवेत, म्हणजे पाठ पुढे चढती दिसते. मागचे पाय एकाआड एक लपता कामा नयेत. एक किंचित पुढे, एक मागे, म्हणजे बघणाऱ्याला चारही मोजता येतात. कास दिसायला हवी. शेपूट सरळ खाली, मान वर, तोंड थोडंसं आपल्याकडे आणि दोन्ही कान पुढे. फोटो जवळून काढला तर डोकं घागरीएवढं येतं आणि मागचा भाग वासराचा वाटतो, म्हणून लांब जाऊन मोठ्या लेन्सने काढायचा. वरून काढला तर पाय आखूड दिसतात, म्हणून कॅमेरा गाईच्या पोटाच्या उंचीवर धरायचा. याचा अर्थ फोटोग्राफरने गुडघ्यावर बसायचं. आपण कुठे बसणार ती जागा गाईने आधीच हेरून तिथे आपलं काम उरकलेलं असतं.

त्यातून ही काळी-पांढरी. पांढऱ्यावर उजेड बेतला की काळं डांबर होतं. काळ्यावर बेतला की पांढरं एवढं पेटतं की गाईला मधेमधे भोकं पडल्यासारखी दिसतात.

तासभर आम्ही पायच लावत होतो. डगमगत्या टेबलाखाली कागदाची घडी सारावी तसा गडी वाकून एकेक खूर सरकवायचा. चौथा जागेवर आला की पहिला निघायचा. माणसाने 1878 साली धावत्या घोड्याचे फोटो काढले. मायब्रिज नावाच्या गृहस्थाने बारा कॅमेरे ओळीने लावले, दोऱ्या ताणल्या, घोडा पळाला आणि एकेक टाप टिपली गेली. ठीक आहे. घोडा पळाला ना! उभ्या गाईला उभी करून दाखवली असती तर मी मानलं असतं.

शेवटी कसेबसे चारही पाय लागले आणि उरले कान.

गाईचे कान पुढे यायला समोर काहीतरी नवल घडावं लागतं. त्यासाठी एक माणूस खास नेमावा लागतो, आणि आमच्याकडे तो न नेमताच आलेला होता. काका कुणाचे काका हे मला अजून कळलेलं नाही. मावसभावाला वाटत होतं ते माझ्याबरोबर आलेत, मला वाटत होतं ते त्याच्याकडचे. सकाळपासून ते बादली पालथी घालून बसले होते आणि दर दोन मिनिटांनी एकच वाक्य बोलत होते.

"मघाशी काय उभी होती हो!"

"कधी?"

"तुम्ही ते काच पुसत होतात ना, तेव्हा."

"मग तेव्हा सांगायचं!"

"मला वाटलं तुम्ही काढलात."

हे वाक्य मी त्या दिवशी वीसेक वेळा तरी ऐकलं असेल. मी लेन्स बदलत असताना ती काय उभी होती. मी घाम पुसत असताना तर चित्रात काढल्यासारखी. मी डोळा कॅमेऱ्याला लावून, श्वास रोखून बसलेलो असताना मात्र काका गप्प, कारण तेव्हा गाय उभी नसायची, ती पाठ चाटत असायची.

कानांचं काम निघाल्यावर काका बादलीवरून उठले. आधी ते कुत्र्यासारखे भुंकले. गाईने रवंथ चालू ठेवला. मग ते वासरासारखे हंबरले, आणि चांगले हंबरले. आतल्या गोठ्यातून तीन गाईंनी ओ दिली, आमची सोडून. मग टॉवेल फडकवला. मग "थांबा, हिला दचकवतो" म्हणून झाडामागे जाऊन लपले. आता गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं. अगदी शेपटीमागची चिंचोळी पट्टी तेवढी दिसत नाही. काका झाडामागे जाताना तिने पाहिलं, तिथे उकिडवे बसताना पाहिलं, आणि "भॉ" करून बाहेर उडी मारताना तर अशा नजरेने पाहिलं की मलाच काकांची कीव आली. दचकला तो गडी. त्याच्या हातचा कासरा सुटला आणि चारही पाय पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. तान्ह्या नातवाचं रडणं त्यांनी घंटीला लावलंय. ते बाळ खिशात टाहो फोडायला लागलं आणि गाईची मान वर गेली, कान पुढे आले, मागचे पाय आपोआप जागेवर बसले, पाठ पट्टीने आखल्यासारखी. गाय नव्हती ती, छापील चित्र होतं.

आणि मी? बाळ कुठे रडतंय म्हणून मागे वळून बघत होतो.

"आता मात्र—" काका म्हणाले.

"बोलू नका," मी म्हणालो.

मग मावसभावाने काकांना मुद्दाम फोन लावला. बाळ पुन्हा रडलं. गाईने एक कान हलवला. तिसऱ्यांदा रडलं तेव्हा तिने शेपूट वर केली. मधल्या गडबडीत एक बरा फोटो मिळाला: पाय तीन, कान दीड.

खरा संताप त्याच्या पुढचा आहे. फोटो बघून मावसभाऊ म्हणतो, "पाठ मधे जराशी बसकी दिसते. सरळ करता येईल ना? हल्ली संगणकावर सगळं होतं." मी म्हटलं, पाठ बसकी दिसत नाही, ती आहे. तो म्हणाला, "ते मला माहीत आहे रे, पण फोटोत कशाला?" हे दुखणं जुनं आहे. इंग्लंडमध्ये दोनशे वर्षांपूर्वी जनावरांची चित्रं काढून घ्यायचे, तेव्हा मालकांच्या हौसेपायी चित्रकार चौकोनी बैल काढत. ट्रंकेला चार काड्या टोचाव्यात तसे. थॉमस बेविक नावाच्या खोदचित्रकाराला असंच, दिसत नाही तिथे चरबीचे गोळे काढायला सांगितलं. तो नाही म्हणाला. ते लोकांना रुचलं नाही, हे त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. माणूस 1828 साली गेला, आणि परवा रात्री संगणकासमोर मला सख्ख्या भावासारखा आठवला. मांडीवरचा शेणाचा डाग मात्र मी पुसला. पाण्याने निघाला असता तो डाग. पाठ पाण्याने निघत नाही. एवढं माझं तत्त्वज्ञान.

म्हणजे हिशेब बघा. दिवस माझा गेला, विजार माझी गेली, खोटेपणा मी केला नाही. गाय विकली गेली तर गाय गुणाची. नसती विकली गेली तर फोटो वाईट. आणि ती विकली गेली, तर फोटो वाईट असूनसुद्धा! बेविकचे निदान पैसे तरी बुडाले. मला ते द्यायचे असतात हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं.

काल सौदा ठरला. त्या गृहस्थांनी आपला मोबाइल माझ्या हातात दिला. "तुम्ही फोटोग्राफर आहात ना? आमचा गाईबरोबर एक काढा." म्हटलं, काढतो. ते गाईशेजारी उभे राहिले, छाती काढून, गळ्यावर हात ठेवून. नवा माणूस अंगाशी आल्यामुळे की कशाने, गाईने मान उचलली. पाय लागले. कास दिसली. मी बटण दाबलं.

"अरेरे," बादलीवरून आवाज आला. "साहेब मघाशी काय उभे होते!"

फोटोत गाईचे दोन्ही कान पुढे आहेत आणि साहेबांचे दोन्ही डोळे मिटलेले. "बघू, कसा आलाय?" त्यांनी विचारलं. छान आलाय म्हटलं, आणि मोबाइल परत केला.